सुपातले सात खडे

माझी मुलगी थर्मासमधून चहा ओतताना कपाच्या आत बोट धरते. चहा बोटाजवळ आला की थांबते. सुरुवातीला चटका बसायचा, आता वाफ लागली की तिला कळतं. पहिल्यांदा मी उठून थर्मास घ्यायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, बसा ना. सांडला तर पुसून घेईन." तेव्हापासून मी बसून राहतो.

ती सव्वीस वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी चष्मा जावा म्हणून तिच्या डोळ्यांवर लेझरचं ऑपरेशन केलं. चष्मा गेला. वर्ष होत आलं तेव्हा नजरही बिघडायला लागली. ती आंधळी नाही, हे मला लोकांना सारखं सांगावं लागतं. तिला सगळं दिसतं, पण एकाच्या जागी दोन-तीन दिसतात. अक्षराखाली त्याच अक्षराची सावली असते. दिव्याला शेपूट असतं. समोरून माणूस आला तर त्याच्या चेहऱ्याखाली आणखी एक पुसट चेहरा असतो, असं तिनेच मला एकदा सांगितलं. मी विचारलं, "माझाही?" ती म्हणाली, "सगळ्यांचाच."

सकाळी साडेआठला ती डोळ्यांत मोठ्या कडक लेन्स घालते. वाटीसारखी लेन्स असते, तिच्यात सलाईनचं पाणी भरायचं, मान खाली घालून ती डोळ्याला लावायची. आत बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा. लेन्स असली की बरंच नीट दिसतं. पण सहा-सात तासांच्या वर ती डोळ्यांत राहत नाही. जळगावचं ऊन, धूळ, उन्हाळ्यात कूलरची हवा. दुपारी घरी येते तेव्हा डोळे लाल असतात. लेन्स काढते आणि मग उरलेला दिवस सावल्यांचा.

लेन्स घालण्याआधी डोळ्यांत औषधाचे थेंब टाकावे लागतात. ते मी टाकायचो. शाळेला निघण्याआधीचं ते माझं काम होतं. ती खुर्चीत मान मागे टाकून बसायची, मी पापणी धरून एक थेंब उजव्यात, एक डाव्यात टाकायचो. माझा हात कधी हलला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. झोपेत हात डोळ्यांकडे जाऊ नयेत म्हणून ती हातांत जुने पायमोजे घालून झोपते. माझेच, शाळेत घालून विटलेले. सकाळी ते धुऊन दोरीवर वाळत टाकलेले असतात. ती हे करायची कारण तिला वाटायचं, आपण डोळे चोळले म्हणून हे झालं. तिच्या आईलाही तसंच वाटायचं. खरं काय ते मला माहीत होतं. मी दोन वर्षं बोललो नाही. हे लिहितोय ते त्यासाठी.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीला मानवी डोळा शिकवतो. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला पाठ्यपुस्तकात पारपटल म्हणतात, बोलताना लोक बुबुळच म्हणतात. दरवर्षी फळ्यावर मी त्याची गोल रेघ काढतो. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

मुलगी एका लॅबमध्ये कामाला होती. रक्त तपासायची. तिला साडेपाच नंबरचा चष्मा होता. मायक्रोस्कोपमध्ये बघायचं तर चष्मा काढायचा, आकडा लिहायचा तर चष्मा घालायचा. दिवसातून शंभर वेळा. ती त्याला कंटाळली होती. आणि मला तिचं लग्न जमवायचं होतं. दोन स्थळांनी चष्म्याचा जाड काठ बघून फोन करणं बंद केलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, लेझर करूया का?" मी त्याच आठवड्यात दवाखान्यात नंबर लावला. तिने स्वतः विचारलं होतं, या गोष्टीचा मी नंतर मनात फार उपयोग करून घेतला.

ऑपरेशनसाठी आम्ही नाशिकला गेलो. डॉक्टर शांत होते. तिच्या डोळ्यांची बरीच मोजमापं झाली. मग त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. संगणकावर रंगीत गोल होते. ते म्हणाले, "मोजमाप अगदी काठावर आहे. घरात कोणाला बुबुळाचा आजार आहे का? बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार होतं, असा? आई-वडील, मावशी, आत्या, कोणीही."

प्रश्न त्यांनी तिला विचारला होता. उत्तर मी दिलं.

"नाही डॉक्टर. आमच्याकडे कोणालाच काही नाही."

"नक्की? असेल तर मी हात लावणार नाही."

"नक्की."

त्यांनी कागदावर लिहिलं. मी सही केली. तिनेही केली. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यालो.

मी विचार करून खोटं बोललो नाही. हे माझं समर्थन म्हणून सांगत नाही. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आमच्याकडे कोणालाच काही नाही. स्थळांची बोलणी होतात तेव्हा समोरचे विचारतात, घरात काही आजार-बिजार? आणि घरातलं कोणीतरी मोठं हे वाक्य म्हणतं. माझे वडील म्हणायचे, काका म्हणायचे, मीही दोन वर्षं मुलीच्या स्थळांपुढे म्हणत होतो. डॉक्टरांनी टेबलापलीकडून विचारलं आणि मी स्थळाला दिलं तसंच उत्तर दिलं. आपण कोणासमोर बसलोय हे मला कळायला हवं होतं.

हे वाक्य आमच्या घरात कुठून आलं ते मला आठवतं. माझी मोठी बहीण, तिला मी अक्का म्हणतो, एकोणीस वर्षांची असताना तिला बघायला लोक आले होते. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. मी अकरावीत होतो. अक्काला लहानपणापासून कमी दिसायचं. विहिरीवर शेजारणीला ती आवाजावरून ओळखायची. कुठल्या डॉक्टरकडे नेलेलं नव्हतं. चष्मा लावला तर गावभर होईल म्हणून चष्माही नव्हता. आणि तेव्हा बघायला आलेल्या बायका मुलीची नजर तपासायच्या. सुईत दोरा ओवायला सांगायच्या, नाहीतर गहू निवडायला.

आईला आधीच कळलं होतं की मुलाची आत्या कडक आहे आणि गहूच पुढे करेल. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. आईने सकाळी सूपभर गहू अगदी स्वच्छ निवडून घेतले. मग अंगणातून सात खडे आणून तिने ते सुपात टाकले. अक्काला म्हणाली, सात आहेत, सात काढ आणि थांब. अक्काने दिवसभर डोळे मिटून बोटं फिरवायचा सराव केला.

ती फुई आली. चहा झाला. मग तिने आईला विचारलं, "पोरनी नजर कशी शे?"

आई म्हणाली, "बठ्ठं बरं शे. आमनाकडे कोनलेच काही नही."

"मंग आन सूप."

अक्का खाली मान घालून बसली आणि बोटं फिरवायला लागली. एक, दोन, तीन. सात झाले. आईने श्वास सोडला. पण अक्काची बोटं थांबली नाहीत. तिने आठवा खडा काढून जमिनीवर ठेवला. बारीक, गव्हाच्या रंगाचा. तो आईच्या नजरेतून निसटला होता. आईला वाटलं, आता ही दाणेच खडे म्हणून काढणार. फुईने तो आठवा खडा उचलून दाताखाली धरला, थुंकला आणि मुलाच्या वडिलांकडे बघून म्हणाली, "नजर चांगली शे. घ्या पोर."

आमच्या घरात ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं हसत सांगितली गेली. अक्का स्वतःच सांगायची. धुळ्याजवळच्या गावात तिचा संसार झाला, दोन मुली झाल्या. भाकरी करताना, गुरांना पाणी दाखवताना तिने बोटांनी आणि कानांनी निभावलं. सासरच्यांना वाटायचं, तिला पुढे चाळिशीत चष्मा लागला, एवढंच.

माझ्या मुलीच्या ऑपरेशनच्या तीन वर्षं आधी अक्काचा एक डोळा अचानक दुधासारखा पांढरा झाला. मी जळगावहून गेलो आणि तिला धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला कागदावर चित्र काढून दाखवलं. फळ्यावर मी काढतो तीच रेघ, पण गोल नाही. शंकूसारखी पुढे आलेली. ते म्हणाले, "हे लहानपणापासूनचं आहे. रक्तातून येऊ शकतं. घरातल्या मुलामुलींचे डोळे एकदा तपासून घ्या."

बाहेर आल्यावर मी अक्काला सांगितलं. ती बसस्टँडच्या बाकावर बसली. मग म्हणाली, "भाऊ, हाई कोनलेच सांगू नको. मन्या पोरीस्ना लगन बाकी शेतस."

मी म्हटलं, नाही सांगत. मी घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. अक्काला मोतीबिंदू आहे म्हणालो. तिच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली, मी आहेर घेऊन गेलो. माझ्या मुलीचे डोळे मी तपासून घेतले नाहीत. तिला चष्मा होताच, म्हणजे तपासलेलेच आहेत, असं मी स्वतःला सांगितलं.

ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने चांगले गेले. सकाळी उठल्याबरोबर उशीजवळ चष्मा शोधायची तिची सवय गेली नव्हती. हात चाचपडायचा आणि मग ती स्वतःशीच हसायची. गच्चीवरून समोरच्या टाकीवर लिहिलेलं ती आईला वाचून दाखवायची. मी ते ऐकायचो. मला धुळ्याच्या त्या कागदाची आठवण यायची नाही असं नाही. पण दिसत होतं ना सगळं. मला वाटलं, सुटलो.

त्या उन्हाळ्यात अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती अक्काच्या गावी गेली. तिथे खळ्यावर काही मळणी चालली होती, वारा सुटला, धूळ-भुसा डोळ्यांत गेला. तिने डोळे चोळले. चारचौघांनी चोळले असते तसेच. पुढच्या काही महिन्यांत तिला मायक्रोस्कोपमध्ये एका पेशीच्या दोन दिसायला लागल्या.

डेंग्यूचे दिवस होते. मशीनने प्लेटलेट्स कमी दाखवल्या की काचपट्टी लावून डोळ्यांनी खात्री करतात. ते काम तिच्याकडे होतं. एका सकाळी ती लॅबच्या मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "मॅडम, मला एकाचे दोन दिसतायत. मी मोजलेलं धरू नका. मी सही करणार नाही." तिने घरी येऊन हे साधेपणाने सांगितलं. तिची आई रागावली. "गप्प राहिली असतीस दोन दिवस. डॉक्टरला दाखवलं असतं." ती म्हणाली, "आई, दोन दिवसांत वीस माणसांचे रिपोर्ट जातात."

मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसलो होतो. तो मी खाल्ला. मला तेव्हा काही वाटल्याचं आठवत नाही. त्या दिवसापासून मला फारसं काही वाटत नाही. शाळेत जातो, हजेरी घेतो, घरी येतो.

जळगावच्या डॉक्टरांनी पुन्हा तेच रंगीत गोल काढले. बुबुळ पातळ होऊन पुढे येतंय म्हणाले. वाढ थांबवायला पिवळे थेंब घालून निळ्या प्रकाशाखाली डोळा धरतात, ते केलं. वाढ थांबली. गेलेलं परत आलं नाही. त्या डॉक्टरांनीही विचारलं, "ऑपरेशनआधी घरच्या कोणाचं सांगितलं नव्हतं का?"

मी तोंड उघडण्याआधी ती म्हणाली, "घरात कोणाला नाहीये. मी डोळे चोळले होते, सर. धूळ गेली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी चोळू नका म्हणून सांगितलं होतं तरी मी चोळले."

डॉक्टर म्हणाले, "चोळणं वाईटच. पण..." आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होतो. मोठी अक्षरं, मग लहान, मग आणखी लहान. मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

त्या दिवशी घरी ती गोष्ट पक्की झाली. तिने डोळे चोळले म्हणून झालं. शेजारी विचारत, तिची आई सांगायची, "काय सांगू, एवढं बजावलं होतं." पायमोजे त्या दिवसापासून सुरू झाले.

अक्का एकदा आमच्याकडे राहायला आली. दुपारी मुलीने लेन्स काढल्या होत्या. ती डाळ निवडायला बसली आणि वैतागली. अक्का तिच्याजवळ सरकली. "डोया मीट," म्हणाली, "आते हात फिराव. हां. दम धर." दोघी डोळे मिटून एका ताटात हात फिरवत होत्या. मुलगी हसली. म्हणाली, "फुई, तुला कसं गं जमतं?" अक्काचा हात थांबला. संध्याकाळी मी तिला बसवर सोडायला गेलो तेव्हा तिने विचारलं, "भाऊ, मना डोयास्नं तू त्या डॉक्टरले सांगं नही का?"

मी म्हटलं, "नाही."

बस येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. खिडकीत बसल्यावरही नाही. पण तिनेही कोणाला काही सांगितलं नाही. आम्ही दोघं भाऊ-बहीण आहोत, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

मुलगी अजून त्याच लॅबमध्ये आहे. मोजायचं काम गेलं. आता ती सकाळी रक्त घेते. लेन्स लावलेली असते, तरी शीर ती बोटानेच शोधते. म्हाताऱ्या माणसांच्या, लहान मुलांच्या शिरा इतरांना सापडत नाहीत तेव्हा तिला हाक मारतात.

गेल्या फाल्गुनात एका रविवारी सकाळी आमच्या गावचे नाना आले. नाना लग्नं जमवतात. एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे तालुक्यातलं घर न् घर त्यांना माहीत. आल्या आल्या त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या गल्लीतली कुत्री फार शिकलेली दिसतात. बिनओळखीच्या माणसाला भुंकत नाहीत, नुसती वास घेऊन पास करतात."

माझी बायको म्हणाली, "नाना, स्थळाचं बोला."

"बोलतो ना वहिनी. पाणी तर पिऊ द्या." ते पाणी प्याले. "मुलगा धुळ्याला असतो, सरकारी नोकरी. एक लग्न लहान भावाचं झालेलं, याचंच राहिलं. का राहिलं? तर उंची कमी. मी म्हटलं, बाबा, उंची काय, झाडाची बघतात. तुमच्या मुलीचं मी सगळं सांगितलंय. डोळ्यांचं, लेन्सचं, सगळं. माणसं चांगली आहेत. चालेल म्हणाले. फक्त एक विचारलंय."

"काय?"

"हे डोळ्यांचं नंतरचं आहे की घराण्यातलं? नंतरचं असेल, अपघातासारखं, तर त्यांची काही हरकत नाही. घराण्यातलं असेल तर मग पुढच्या पिढीचा प्रश्न येतो. तेवढं तुमच्या तोंडून ऐकून जातो."

"नंतरचंच," बायको म्हणाली. "ऑपरेशन झालं, तेव्हा नीटच होतं. तिने चोळले ना."

मुलगी तेव्हा थर्मास घेऊन बाहेर आली. रविवार होता, डोळ्यांना आराम म्हणून लेन्स लावल्या नव्हत्या. तिने नानांचा कप चाचपून सरळ केला, आत बोट धरलं, चहा ओतला. मग खाली बसली.

"नाना, त्यांना सरळ सांगा," ती म्हणाली. "चूक माझी आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही. आमच्या घरात कोणाला काही नाही. लपवालपवी नको. नंतर कळून कोणी बोलायला नको."

नाना खूश झाले. "बघा, याला म्हणतात मुलगी. मास्तर, तुमच्यावर नाही गेली. तुम्ही तर चहात साखर कमी आहे हेसुद्धा बोलत नाही."

सगळे हसले. तीसुद्धा.

मी तिच्या हाताकडे बघत होतो. चहाचं बोट तिने ओढणीला पुसलं. तिने एक गोष्ट खरी म्हणून सांगितली होती आणि ती खोटी होती. आणि ती सोयीची होती. मी गप्प राहिलो असतो तर लग्न जमलं असतं. हे मला त्या वेळी अगदी स्पष्ट कळलं.

"घराण्यातलं आहे," मी म्हटलं.

नाना म्हणाले, "काय?"

"घराण्यातलं आहे, नाना. माझ्या अक्काला आहे. लहानपणापासून."

"मास्तर, आधी चहा घ्या. ऊन लागलं तुम्हाला."

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. अक्काच्या सुपातले खडे, धुळ्याच्या डॉक्टरांचा कागद, नाशिकचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं सांगितलं. शाळेत धडा सांगतो तशा आवाजात सांगितलं, त्याला माझा इलाज नव्हता. बायको दाराला धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मोतीबिंदू म्हणाला होतात."

नानांनी टोपी उचलली, झटकली. "मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "मी काही ऐकलंच नाही, असं धरू का? माझं वय झालंय. कमी ऐकू येतं, सगळ्यांना माहीत आहे."

"नाही नाना," मुलगी म्हणाली. "ऐकलंय ते सांगा."

नाना गेले. चहा अर्धा तसाच राहिला. बायको आत गेली आणि तिने भांडी घासायला घेतली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत उरलो. मुलगी माझ्याकडे बघत होती. लेन्स नव्हत्या, तेव्हा तिला माझे किती चेहरे दिसत असतील मला माहीत नाही.

"नाशिकला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथेच होते," ती म्हणाली. "मला आठवतं. मला वाटलं, पप्पांना माहीत असणार. म्हणून मी काही बोलले नाही."

"हो."

"तुम्ही हो म्हणाला असतात तर त्यांनी केलंच नसतं."

"नसतं केलं."

"आणि मी चोळले नसते तरी झालं असतं?"

"बहुतेक झालं असतं. चोळल्याने थोडं लवकर झालं असेल. सगळं त्याने नाही झालं."

मी माफी मागावी असं मला वाटलं. तो शब्द मी तोंडापर्यंत आणला. तोही एक तयार असलेला शब्द वाटला. मी म्हटलं, "चूक माझी आहे. तुझी नाही. हे मी दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

"आई रोज सगळ्यांना सांगायची," ती म्हणाली. "तुम्ही तिथेच बसलेले असायचात."



ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल. तिने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग विचारलं, "फुईकडच्या दोन्ही ताईंचे डोळे कोणी तपासले का? आणि त्यांच्या पोरांचे?"

"नाही."

"मोठ्या ताईचा नंबर दरवर्षी बदलतो. तिला वाटतं मोबाईलने होतं." तिने स्वतःचा फोन चाचपून उचलला, डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, अक्काचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्यासमोर ठेवला. "सांगा."

अक्काने फोन उचलला. मागे म्हशीचा आवाज येत होता. मी तिला सांगितलं की मी सगळं बोललो, मुलीसमोर, नानांसमोर. मी म्हटलं, "अक्का, पोरींना सांगावं लागेल. डोळे तपासावे लागतील. लहान पोरांचेही. वेळेवर कळलं तर थांबवता येतं."

अक्का म्हणाली, "पोर ऐकी ऱ्हायनी का?"

"फुई, मी आहे," मुलगी म्हणाली.

मग अक्का म्हणाली, "मी सांगस त्यास्ले. मीच सांगस." आणि फोन ठेवला.

ते स्थळ पुढे आलं नाही. नानांनी खरं सांगितलं असणार. अक्काच्या मोठ्या मुलीच्या मुलाचं बुबुळ थोडं पातळ निघालं, त्याला आता दर सहा महिन्यांनी धुळ्याला नेतात. अक्काच्या सासरी काय झालं ते अक्का सांगत नाही. ती माझ्याशी कमी बोलते, मुलीशी जास्त. बायको माझ्याशी बोलते, जेवणापुरतं, बिलापुरतं. आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर आता ती म्हणते, "घराण्यातलं आहे." असं म्हणताना ती माझ्याकडे बघत नाही.

पायमोजे अजून दोरीवर असतात. चोळायचं तर नाहीच, असं डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे.

त्या रविवारनंतर सोमवारी सकाळी मी नेहमीसारखा थेंबांची बाटली घ्यायला कपाटाकडे गेलो. बाटली तिथे नव्हती. ती खुर्चीत मान मागे टाकून बसली होती आणि बाटली तिच्याच हातात होती. मी दारात थांबलो. एक थेंब गालावर पडला. दुसरा पापणीवर. तिने पुसला नाही, हात तसाच वर धरला, थोडा सरकवला. तिसरा डोळ्यात गेला.

मी तिथे आहे हे तिला पावलांवरून कळलं असणार.

"पप्पा, जा तुम्ही," ती म्हणाली. "शाळेला उशीर होईल."